बसम्मा काकूची सातवी ताकीद

आजकाल कुणी लेकरं घेऊन गाडीत चढलं, की माझा हात आपोआप डाव्या दंडावर जातो. दंडाच्या आतल्या अंगाला, जिथं कातडं मऊ असतंय, तिथं आमच्या बसम्मा काकूचा चिमटा बसायचा. आवाज न्हाई, शिवी न्हाई, तोंडावरचं हसू बी तसंच. समोरच्या बाईला "बरं हाय ना तुमच्याकडं?" असं गोड विचारायची आणि पदराखालून चिमटा काढायची. आमी बी असे तयार झालो होतो, की डोळ्यांत पाणी आलं तरी तोंडातून हूं का चूं निघायचं न्हाई.

माझा नातू म्हणतो, "आजी, हा तर जुलूम झाला." झाला बाबा, झाला. पण तुमच्या लेकरांसारखं दुसऱ्याच्या बाकावर चिखलाचे पाय टाकून बसायची आमची टाप न्हवती, ते बी खरं. आणि काकूची पुरी गोष्ट ऐकल्याबिगर तिला जालीम म्हणायचं न्हाई. मी ऐकून घेणार न्हाई, सांगून ठेवते.

मानवतला बाजारात आमचं किराणा दुकान आणि दुकानामागं घर. घरात माझे आजोबा वीरुपाक्षअप्पा, त्यांना आमी सगळे आप्पा म्हणायचो. दोन लेक, दोन सुना आणि आमी पाच लेकरं. बसम्मा ही थोरली सून, माझी काकू. ठेंगणी, काळीसावळी, नाकात चमकी, आणि चालणं असं की मागून बघणाऱ्याला वाटावं हिला कुठंतरी उशीर झालाय. माहेर गंगाखेडचं. अकराव्या वर्षी लग्न होऊन आली. सासरच्या मंडळींबरोबर पहिल्यांदा बैलगाडीतून निघाली तेव्हा वाटेत विसाव्याला धपाटी सोडली. पोर भुकेली होती, खाऊन झाल्यावर म्हणाली, "आणखी एक हाय का?" झालं! माझी आजी मोठी तिखट बाई. तिनं ते मानवतभर केलं. "उपाशी घरातली आणली गं बाई, गाडीतच दुसरं मागितलं!" पुढं पंधरा वर्षं कुठंबी लग्नाला गेलं, की पंगतीत कुणीतरी हसून म्हणायचंच, "बसम्माला दोन वाढा."

हे मला काकूनंच सांगितलं, लय वर्षांनी. सांगताना हसली, पण डोळे हसत न्हवते. म्हणाली, "चन्नू, मी तवाच ठरवलं. माझ्या घरच्या लेकरांकडं बोट दाखवून कुणी बोललं तर मी नावाची बसम्मा न्हाई."

म्हणून कुठं जायचं असलं की आदल्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर आमची हजेरी व्हायची. ओळीनं उभं राहायचं आणि सहा ताकिदी म्हणून दाखवायच्या, शाळेतल्या पाढ्यासारख्या. दुसऱ्याच्या फडक्यातल्या भाकरीकडं बघायचं न्हाई. बघितलं गेलंच तर ओठावरून जीभ फिरवायची न्हाई. (ही दोन्ही मिळून एकच ताकीद, असं काकूचं म्हणणं.) कुणाच्या हातचं काही घ्यायचं न्हाई. म्हातारं माणूस उभं दिसलं की उठायचं, त्यानं सांगायची वाट बघायची न्हाई. परक्याला नाव-गाव सांगायचं न्हाई, विचारलं तर "काकूला विचारा" म्हणायचं. पाहुण्याच्या घरी पाणी मागायचं न्हाई, दिलं तर प्यायचं, आणि दुसऱ्यांदा वाढायला आले की ताटावर हात धरायचा. आणि सहावी, सगळ्यात कडक. वाटेत मोठ्यांच्या मधे बोलायचं न्हाई. काकूनं डोळे वटारले की तोंडाला कुलूप.

माझे तिघं चुलतभाऊ ताकिदी घडाघडा म्हणायचे. मी तर स्वप्नात बी म्हणायचे. नऊ वर्षांची होते, आणि "चन्नूसारखं वळण पायजे" हे काकूच्या तोंडून ऐकायला मी काहीबी केलं असतं. अडायची ती एकच, काकूची धाकटी, महानंदा. सहा वर्षांची. तिच्या जिभेला हाड न्हवतं. ताकिदी म्हणताना मधेच विचारायची, "पण आई, परक्यानं गोड बोलून विचारलं तर?" काकू कपाळावर हात मारायची. "ही माझं नाक कापणार, बघत राहा तुमी."

तर त्या साली चैत्रात गंगाखेडला जायचं निघालं. निजामाचं राज्य होतं, तिकडं कुठंतरी लढाई चालू होती, पण आमच्या घरात बातमी एकच. काकूच्या भावानं, मन्मथअप्पा मामानं, नवं घर बांधलं होतं आणि घरभरणीला आप्पांच्या हातची पहिली पूजा पायजे होती. माझी आई बाळंतीण, काकाला दुकान. म्हणून काकू, आप्पा आणि आमी पाच लेकरं. बैलगाडीनं टेसन, तिथनं सकाळच्या गाडीनं परभणी, आणि परभणीला चार-पाच तास थांबून परळीची गाडी. तीच गंगाखेडला जायची.

आता मधेच एक सांगायला पायजे, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. आमी लिंगायत. आमचा देव देव्हाऱ्यात नसतो, गळ्यात असतो. गुरूनं दिलेलं इष्टलिंग चांदीच्या डबीत, डबी दोऱ्यात आणि दोरा गळ्यात. दोन्ही वखत ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच अन्नपाणी. जमिनीला टेकवायचं न्हाई, दुसऱ्याचा हात लागू द्यायचा न्हाई. आप्पांना ते आठव्या वर्षी मिळालेलं. तवा सत्तर वर्षांचे होते, म्हणजे बासष्ट वर्षं एक दिवस पूजा चुकली न्हवती. कुणाचं हरवलं तर मठात जाऊन गुरूकडून पुन्हा घेता येतं, न्हाई असं न्हाई. पण कुणी तसं बोललं की आप्पा चिडायचे. "देव म्हणजे काय चप्पल हाय? हरवली की दुसरी आणायची?"

परभणीच्या टेसनाबाहेर तवा एक मोठं कडुलिंबाचं झाड होतं. त्याच्या सावलीत आमी सतरंजी टाकली. आप्पांनी विहिरीवर आंघोळ केली, पूजा केली, मग आमी सगळ्यांनी दही-धपाटी खाल्ली. आमी कुणाकडं बघितलं न्हाई. आमच्याकडं मात्र लोक बघायले होते, एवढी पाच लेकरं आणि गडबड न्हाई म्हणून. काकूची मान ताठ झाली होती.

आणि तेवढ्यात महानंदा गायब. काकूनं वळून बघितलं तर ही बया झाडाच्या दुसऱ्या अंगाला काकड्या विकणाऱ्या बाईसमोर मांडी घालून बसलेली, एका हातात अर्धी खाल्लेली काकडी, दुसरा हात बोलण्यात फिरायलेला. गाव सांगितलं, मामाचं नाव सांगितलं, नव्या घराचं दार निळं हाय आणि दारात पिंपळ हाय हे सांगितलं. पुढं आप्पांचा देव कसा असतो, त्याला कुणी हात लावायचा न्हाई, खाली ठेवायचा न्हाई, आणि पूजेबिगर आमचे आप्पा पाण्याचा थेंब बी घेत न्हाईत. सगळा कारभार त्या बाईच्या पदरात ओतून मोकळी! बाई हसून ऐकायली होती. दगडाबाई तिचं नाव, ते बी महानंदानंच विचारून घेतलं होतं.

काकूनं दंड धरून तिला उठवलं. चौथी ताकीद मोडली आणि दुसरी बी मोडली. काकडी हातातून काढून घेतली आणि दगडाबाईच्या पाटीत परत ठेवली.

"अवं बाई, उष्टी काकडी घेऊन मी काय करू?" दगडाबाई म्हणाली. "लेकराला दिली मी. खाऊ दे की."

"लेकरांना लाडीगोडी लावायची आणि मग आईबापाच्या मागं लागायचं, कळतंय मला," काकू म्हणाली. "आमची लेकरं कुणाच्या हातचं खात न्हाईत."

दगडाबाईचं तोंड एवढंसं झालं. ती पाटी उचलून फलाटाकडं गेली. मला तवा वाटलं, बरी जिरली. खोटं कशाला बोलू?

इकडं आप्पा आपल्या कामात होते. देवाचा दोरा विरला होता. नव्या घरात नवा दोरा असावा म्हणून काकूनं पांढऱ्या सुताचा दोरा पिळून दिला होता. डबी खाली ठेवायची न्हाई, म्हणून आप्पांनी ती जुन्या दोऱ्यासकट झाडाच्या एका खुंटीसारख्या फांदीला अडकवली, आणि नवा दोरा लांबीला बराबर हाय का बघायला गळ्यात घातला. तेवढ्यात टेसनावर घंटा झाली.

"मामंजी, चला चला! गाडी आली!" काकू ओरडली. एका हातात गाठोडं, एका हातात महानंदा, डोक्यात राग. आप्पांनी गडबडीनं बंडी चढवली, उपरणं घेतलं आणि निघाले. गळ्याला दोरा लागत होता. बासष्ट वर्षं गळ्याला दोरा लागला की देव हाय, एवढंच त्या माणसाला माहीत.

मी सगळ्यात मागं होते. मी वळून बघितलं. फांदीला चांदीची डबी लोंबकळत होती, वाऱ्यानं थोडी हलत होती.

मी पळत गेले. काकू फाटकावर तिकिटं दाखवायली होती, तिकीटबाबूशी लेकरांच्या वयावरून हुज्जत घालायली होती. मी म्हणलं, "काकू..." तिनं डोळे वटारले. मी परत म्हणलं, "काकू, आप्पांचा..." पदराखालून हात आला आणि दंडाला चिमटा बसला. माझ्या तोंडाला कुलूप लागलं. आमी गाडीत चढलो. गाडी सुटली.

आता तुमी म्हणाल, गाडीत तरी बोलायचं होतं. सोपं असतंय असं म्हणायला! समोर आप्पा बसले होते. बंडीच्या गळ्यातून पांढरा दोरा दिसत होता. मी मनाला म्हणलं, दोरा हाय म्हणजे देव असणारच. त्यांनी डबी कधी काढून घेतली ते मला दिसलं नसंल. मोठ्यांना काय कळत न्हाई का? समोरच्या बाकावर एक फेटेवाले म्हातारबा होते. ते काकूला म्हणाले, "बाई, लेकरं लय गुणाची हायेत तुमची. विशेष करून ही पोरगी, तोंडातून शब्द न्हाई." बोट माझ्याकडं. काकूनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. जन्मात पहिल्यांदा मला तो हात नको वाटला.

गंगाखेडला पोचलो. निळं दार, पिंपळ, दारात मामा-मामी, आरती. संध्याकाळी आप्पा आंघोळ करून पूजेला पाटावर बसले, बंडी काढली, दोरा वर ओढला. दोरा नुसताच वर आला.

आप्पा त्या मोकळ्या दोऱ्याकडं बघत राहिले आणि मग म्हणाले, "देव न्हाई."

मग जी धांदल उडाली! गाठोडी सोडली, सतरंजी झटकली, अंगण झाडून काढलं. डबी नव्या दोऱ्यात ओवूनच निघालो असं आप्पांना पक्कं वाटत होतं, म्हणून ती गाडीत पडली असंल असं सगळ्यांनी धरलं. मामा टेसनावर पळाला, परळीला तार करायला लावली. सकाळी जवाब आला, डब्यात काही सापडलं न्हाई. आप्पांनी संध्याकाळपासून पाणी घेतलं न्हवतं. काकूनं बी घेतलं न्हवतं. "मी घाई केली," एवढंच म्हणायची. चैत्रातलं ऊन, सकाळी नऊलाच अंगण तापायला लागलं. घरभरणीचे पाहुणे यायला लागले. पुरण शिजून तयार, पण आप्पांची पूजा न्हाई तर घरभरणी कशाची? एक म्हातारी म्हणाली, "निदान पाण्यानं ओठ ओले करा." आप्पांनी मान हलवली. आवाज निघत न्हवता त्यांचा.

आणि मी? मला काकूनं आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं, "सगळे एका कोपऱ्यात बसा, मोठ्यांच्या मधे यायचं न्हाई." मी बसले. काल चिमट्याची भीती होती, आता त्याच्यावर दुसरी भीती चढली होती. इतका वेळ गप्प बसले हे कळलं तर? एक दडवलं की दुसरं दडवावं लागतं, आणि मग आपल्यालाच आपलं तोंड उघडता येत न्हाई.

सकाळी मामीनं मला आप्पांना वारा घालायला बसवलं. ते घोंगडीवर पडले होते, डोळे मिटलेले, ओठ फुटलेले. मी पंखा हलवत होते. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "चन्नू, तू काही खाल्लंस का?"

बस्स! माझा बांधच फुटला. पंखा टाकून दिला आणि मोठ्यानं रडत म्हणलं, "आप्पा, देव झाडावर हाय! परभणीच्या झाडावर!"

काकू उंबऱ्यात उभी होती. "कुठल्या झाडावर?"

"टेसनाबाहेरच्या. डबी तिथंच लटकायली होती. मी बघितली."

"कवा बघितलीस?"

"निघताना."

"आणि बोलली का न्हाईस, मेले? बोलली का न्हाईस?"

"बोलत होते. तुमीच डोळे वटारले."

तिचा हात उठला. मी डोळे मिटून घेतले, दंड बी आवळून घेतला. थाडकन आवाज आला, पण मला काही लागलं न्हाई. डोळे उघडून बघते तर काकूनं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली होती. गाल लाल झाला होता. "माझ्याच तोंडात शेण घालायला पायजे," म्हणाली, आणि माझा हात धरून अनवाणीच पळत सुटली.

मामा तिकिटं काढायला पुढं पळाला. परभणीकडं जाणाऱ्या गाडीला वेळ होता, तिकडनं येणारी गाडी तेवढ्यात फलाटावर लागत होती. काकू गाडीकडं बघत बी न्हवती, तोंडानं नुसतं "शिवा, शिवा" चाललं होतं. काल दुपारपासून ती डबी उघड्यावर, टेसनाच्या तोंडाशी, चांदीची. कोण ठेवणार हाय? मला बी कळत होतं ते.

मी इकडंतिकडं बघत होते, म्हणून मला आधी दिसली. गाडीतून एक बाई उतरली. डोक्यावर पाटी, पाटी पदरानं झाकलेली, आणि ती पाटी दोन्ही हातांनी अशी धरलेली की पायरी उतरताना ती पडता पडता राहिली, पण हात सोडला न्हाई. उतरून तिनं एका हमालाला विचारलं, "बाबा, मन्मथअप्पाचं नवं घर कुठं आलं? निळं दार हाय म्हनं, आन् दारात पिपळ हाय."

मी काकूचा पदर ओढला. "काकू! काकू, ती बघा!"

या खेपेला तिनं डोळे वटारले न्हाईत.

दगडाबाईनं काकूला ओळखलं. "तूच न्हवं गं, काकडी परत देनारी?" दगडाबाईनं पदर बाजूला केला. पाटीत काकड्या, काकड्यांवर कडुलिंबाचा ताजा पाला, पाल्यावर जुना दोरा आणि चांदीची डबी.

"हात न्हाई लावला," दगडाबाई म्हणाली. "काडीनं दोरा उचलला आन् पाटीत ठेवला. तुझ्या लेकीनं सांगितलं हुतं ना, कुनी शिवू न्हाई, भुईला टेकवू न्हाई. मी गाडीत बी पाटी मांडीवर घेऊन बसले. काल वाट बघितली म्हागारी याल म्हनून. बाबूच्या हाती द्यावं तर बाबू हात लावंल. आन् पोरगी म्हनली हुती, म्हातारा देवाबिगर पानी पीत न्हाई. मला काल घास गोड लागला न्हाई बघ."

काकू मटकन खाली बसली, भर फलाटावर, चारचौघांत. ती बसम्मा, जी आमाला गाडीत मांडी बदलू द्यायची न्हाई! आणि हमसून हमसून रडायला लागली. दगडाबाई एका हातानं पाटी सांभाळत दुसऱ्या हातानं तिच्या पाठीवर थोपटायली. "उठ गं माय, आधी म्हाताऱ्याला पानी पाज."

आमी घरी आलो तेव्हा अंगणात पाहुण्यांची गर्दी. दगडाबाई पिंपळाखाली थांबली. आप्पांना दोघांनी धरून बाहेर आणलं. त्यांनी पाटीतून आपल्या हातानं डबी उचलली, छातीशी धरली, उघडली, बघितली. मग तिथंच ओसरीवर पूजेला बसले. अंगात त्राण न्हवतं, पण पूजा त्यांनी एका अक्षरानं कमी केली न्हाई. आमी सगळे श्वास धरून उभे. पूजा झाली. लिंग डबीत गेलं, डबी नव्या दोऱ्यात, दोरा गळ्यात. काकूनं तांब्या पुढं केला. आप्पांनी ओंजळ धरली आणि पाणी प्यायले. घटाघटा. घशाचा आवाज अंगणभर ऐकू आला. सगळ्या घराचा जीव भांड्यात पडला. मामा तर वेड्यासारखा हसायलाच लागला.

"ती बाई कुठं हाय?" आप्पांचा आवाज आता निघाला. "तिला बाहेर कशाला ठेवलीत? ओसरीवर आणा."

पाहुण्यांत कुजबूज झाली. एक शेलापागोटंवाला म्हणाला, "आप्पा, बाई कोण, कुठली..."

"माझा देव डोक्यावर घेऊन आली ती," आप्पा म्हणाले. "तुमच्यातल्या कुणी घेतला होता का डोक्यावर? मी तर झाडाला टांगून आलो."

दगडाबाई आली, ओसरीच्या कडेला टेकली. आप्पांनी तिच्या पाटीतली एक काकडी मागून घेतली. म्हणाले, आजचा पहिला घास हाच. काकूनं विळीवर काकडी चिरली, आधी आप्पांना दिली, मग आमाला एकेक फोड दिली, आणि सगळ्यांच्या शेवटी स्वतः एक तोंडात घातली. दगडाबाईसमोर. "मावशी, काल मी लय वंगाळ बोलले," म्हणाली.

"जाऊ दे गं. लेकराची माय अशीच असावी," दगडाबाई म्हणाली. "पर तुझ्या धाकटीला मारू नगं. तिचं तोंड चाललं नसतं तर मी कुनाचं दार हुडकलं असतं?"

महानंदा पुढंच उभी होती. तिला वाटलं, आता आपली पाळी. "आई, मग माझी कालची उरलेली काकडी?"

अख्खी ओसरी हसली. काकू बी हसली. मला मात्र हसू आलं न्हाई. मी कोपऱ्यात उभी होते. काकू आली, माझा डावा दंड हातात घेतला, बाही वर केली. काल चिमटा काढला होता तिथं निळं पडलं होतं. तिनं त्यावरून अंगठा फिरवला, दोन-तीनदा.

पुढं काकू लय वर्षं जगली. निजामाचं राज्य गेलं, गावोगाव एस.टी. धावायला लागली, महानंदा शाळेत बाई झाली आणि वर्गातल्या पोरांपेक्षा जास्त बोलायला लागली. दगडाबाई उन्हाळ्यात कधी मानवतकडं आली की आमच्याकडं जेवल्याबिगर जायची न्हाई, आणि दुसऱ्यांदा वाढायला काकू स्वतः उठायची. चिमटे थांबले का? छे! स्वभावाला औषध न्हाई. पण हजेरीला एक ताकीद वाढली होती. ती पहिल्यांदा ऐकली ती गंगाखेडहून परत निघायच्या आदल्या संध्याकाळी.

निळ्या दारासमोर आमी ओळीनं उभे होतो. सहा ताकिदी म्हणून झाल्या. आमी हलायला लागलो तर काकू म्हणाली, "थांबा, सातवी हाय." घसा साफ केला. तिला ते बोलायला जड जायलं होतं, दिसत होतं. "काही चुकतंय असं दिसलं तर बोलायचं. मी कुणाशी बोलत असले तरी बोलायचं. मी डोळे वटारले तरी बोलायचं. चिमटा काढला तरी बोलायचं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हण."

मी म्हणलं.

दुसऱ्या दिवशी परभणीला गाडी बदलताना त्याच फाटकावर तोच तिकीटबाबू आणि तीच आमच्या वयांची हुज्जत. काकूचा आवाज चढला होता. मी मागून म्हणलं, "काकू."

सवयीनं तिचे डोळे वटारले गेले. मी तिथंच उभी राहिले. मग ते डोळे हळूहळू खाली आले. तिनं तिकीटबाबूला हातानं थांबवलं, पाठीमागं लोक खोळंबलेले, आणि माझ्यापुढं वाकून म्हणाली, "बोल, चन्नू. काय राहिलं?"

काहीच राहिलं न्हवतं. गाठोडी मोजलेली, लेकरं मोजलेली, आप्पांच्या बंडीतून डबीचा उंचवटा दिसत होता. मला नुसतं बघायचं होतं, की ती थांबती का.

"काही न्हाई काकू," मी म्हणलं. "असंच."

मी दंड पुढं करून उभी राहिले. काकूनं माझ्या तोंडाकडं बघितलं, तिला कळलं, आणि तिनं चिमटा काढला न्हाई. माझा हात धरला आणि तिकीटबाबूला म्हणाली, "हां, आता तुमी बोला."